गच्चीवर रोवलेली मेढ

आमच्या धंद्यातला माणूस कुणाच्याही घरात शिरला की आधी वर बघतो. घरातली माणसं, भिंतीवरचे फोटो, पुढे आलेला पाण्याचा पेला, सगळं मागून. आधी छत. मुलीचं स्थळ बघायला आम्ही भाईंदरला एका घरी गेलो होतो. मुलगा शांत, माणसं अगत्याची, पोहे गरम. परत येताना रिक्षात बायकोने विचारलं, कसं वाटलं? मी म्हणालो, माणसं छान आहेत, पण त्यांच्या गच्चीचा उतार उलट्या बाजूला आहे, हॉलच्या कोपऱ्यात ओल धरलीये. रिक्षा आमच्या मुर्ध्याला पोचेपर्यंत बायको माझ्याशी बोलली नाही. लग्न तिथेच झालं. उतार मी नंतर नीट करून दिला, पण काम चाललं होतं तेवढे दिवस विहीणबाईंना पापड वाळत घालायला गच्ची मिळाली नाही. ते त्या अजून प्रत्येक सणाला काढतात.

मी वॉटरप्रूफिंगवाला. मीरा रोड आणि भाईंदरमध्ये जुन्या सोसायट्यांत मला ‘गळतीवाले म्हात्रे’ म्हणतात. पुढे मी गच्च्यांवर आणि भिंतींवर झाडं लावायला लागलो, हिरव्या गच्च्या करायला लागलो, तरी नाव तेच चिकटलं. माझी तक्रार नाही. गळती बंद करणाऱ्याला लोक विसरत नाहीत, कारण पाऊस त्याची दरवर्षी आठवण करून देतो.

माझे वडील मुर्ध्याच्या मिठागरात होते. मिठागराचं सगळं कसब तळाच्या मातीत असतं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते मुरू द्यायचं नाही आणि उन्हात आटू द्यायचं. त्यासाठी तळाची काळी माती पायांनी तुडवून अशी घट्ट करायची की थेंब खाली जाता कामा नये. वडील अनवाणी फिरायचे आणि माती कुठे सैल आहे ते त्यांच्या तळव्याला कळायचं. मिठागरं बंद पडली तेव्हा मी तरुण होतो. एका कंत्राटदाराच्या हाताखाली गच्च्यांवर डांबर ओतायला शिकलो. वडील म्हणायचे, “आमी पानी धरून ठेवाचा धंदा केला, तू पानी घालवाचा करतंस.” त्यांना ते जरा हलकं काम वाटायचं. गच्चीवर पाणी धरून ठेवायचे दिवस मला आले, तेव्हा ते बघायला वडील नव्हते. ती एक रुखरुख आहे.

धंद्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. गच्ची गळते तेव्हा घरातला माणूस छताच्या डागाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, इथे भोक आहे. तिथे भोक नसतं. पाणी वरून शिरतं आणि स्लॅबवरच्या कोब्यातून, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरातून, उताराने वाट काढत कुठेतरी लांब टपकतं. म्हणून डाग पाहिला की आम्ही उताराच्या वरच्या अंगाला शोधायला जातो. एवढं कळलं की अर्धा धंदा कळला.

गळतीवर आमच्या शहराने काढलेला उपाय म्हणजे पत्रा. उंच इमारतीवरून खाली बघा, गच्च्यांवर निळे पत्रेच पत्रे दिसतील. त्यातले पुष्कळ मीच ठोकून घेतलेत. पत्र्याने गळती थांबते, पण बहुतेक जण पत्रा अगदी बुटका बसवतात आणि बाजू बंद करून टाकतात. मग त्याखालची हवा दिवसभर तापते आणि वरच्या मजल्यावरचा माणूस भट्टीत राहतो. शिवाय पत्र्यावरचा पाऊस एका दमात कंपाउंडमध्ये येतो. खाडीला भरती असली की गटारं ते पाणी घेत नाहीत. मग मीटररूममध्ये पाणी, वीज बंद, लिफ्ट बंद, आणि सेक्रेटरीच्या नावाने शंख.

हिरव्या गच्चीचं तसं नाही. आधी नीट वॉटरप्रूफिंग करायचं. त्यावर मुळं अडवणारी जाड शीट, त्यावर पाणी वाहून नेणारी खाचाखाचांची शीट, त्यावर गाळणीचं कापड आणि मग वीतभर माती. ही मातीसुद्धा हलकी, म्हणजे नारळाचा भुसा, भाजलेल्या विटांचा चुरा आणि शेणखत. इमारतीला वजन झेपतंय का, ते इंजिनीअरकडून आधी तपासून घ्यायचं. त्यात लावायची ती कमी खोल मुळांची झाडं. गवत, पानओवा, कोरफड, गवती चहा, ती सकाळी दहाला उमलणारी छोटी फुलं. पाऊस आला की ही माती आधी स्वतः पिते, मग उरलेलं हळूहळू खाली सोडते. उन्हाळ्यात ऊन वरच्या वर झेलते. शहर सगळं असं करून वाचेल का, ते मोठ्या लोकांनी सांगावं. मी एका वेळी एक गच्ची बघितली आहे.

भिंतींचंही काम केलं. वरसाव्याच्या बाजूला घोडबंदर रोडवर एका लग्नाच्या हॉलच्या मालकांना दारात झाडांची भिंत हवी होती. आम्ही भिंतीला कापडी खिसे लावून त्यात नेचे आणि मनीप्लांट भरले. भिंत अशी सुरेख झाली की नवरा-नवरी आत जायच्या ऐवजी तिथेच फोटो काढत उभी राहायची. लग्नसराई संपायच्या आत मालकांचा फोन आला, खालची झाडं गायब होतायत, कीड लागली का बघा. जाऊन पाहिलं तर जिथपर्यंत माणसाचा हात पोचतो तिथपर्यंत भिंत बोडकी आणि वर हिरवीगार. मनीप्लांट चोरून आणलेला असला तरच लाभतो, अशी आपल्याकडे समजूत. प्रत्येक वऱ्हाडातल्या बायका जाताना एकेक वेल खुडून पर्समध्ये टाकत होत्या. मालकांनी शेवटी खाली प्लास्टिकची पानं लावली, वर खरी ठेवली. वॉचमन दोन्हींना सारखंच पाणी घालतो. मी त्याला एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, धूल तो निकलती है ना साब.

आता पेणकरपाड्याची गोष्ट. ती सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. सोसायटीचं नाव सांगत नाही, कारण तिथे माझं येणं-जाणं आहे.

सात मजली जुनी इमारत. सातव्या मजल्यावर सावंत नवरा-बायको राहायचे. मूळचे गिरगावातले. बाई शाळेत शिकवायच्या, सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. त्यांचे यजमान छापखान्यात होते, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. ते दिवसभर खिडकीशी पलंगावर पडून असायचे. वर उघडी गच्ची तापायची आणि खाली भाऊ. बाई ओल्या टॉवेलने त्यांचं अंग पुसत बसायच्या. मुलगी पुण्याला बोलावत होती. भाऊ मानेने नाही म्हणायचे.

त्या वर्षी गच्चीचं काम निघालं. सेक्रेटरी होते शहाभाई. माणूस सरळ, सोसायटीचं काम घरच्यासारखं करणारा, पण पत्र्याचा भक्त. बाईंनी कुठेतरी हिरव्या गच्चीबद्दल ऐकलं होतं, त्यांनी मला बोलावून घेतलं. शहाभाईंचं म्हणणं थोडक्यात होतं. “म्हात्रे, मिट्टी ऊपर जाएगी तो पानी नीचे आएगा. सीधी बात है.”

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी एवढीच विनंती केली की सोसायटीची मीटिंग यावेळी त्यांच्या घरी ठेवावी, रविवारी, जेवणानंतर. मे महिना होता. सगळे सभासद भाऊंच्या खोलीत दाटीवाटीने बसले. बाईंनी सरबत दिलं आणि गप्प बसल्या. पंखा तापलेली हवा फिरवत होता. कोणी रुमाल काढला, कोणी शर्टाची बटणं सोडली, कोणी दारात जाऊन उभं राहिलं. मी माझं बोलणं मुद्दाम लांबवलं. विषय पटकन मंजूर झाला. शहाभाईंनी मात्र उठता उठता अट घातली. ज्या दिवशी गच्चीतून एक थेंब खाली पडेल त्या दिवशी माती खाली आणि पत्रा वर. बाई म्हणाल्या, कबूल.

या कामाला आणखी एक पाठीराखा मिळाला. दामूतात्या पाटील. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी त्यांची भातशेती. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ते पहिल्या मजल्यावर राहायचे. वय झालं होतं, पण पाठ ताठ. माती दोराने वर चढत होती तेव्हा ते रोज गच्चीवर येऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मूठभर माती उचलली, नाकाशी नेली आणि मला म्हणाले, “ही माती न्हाय रं, भुसा हाय.” दुसऱ्या दिवशी गावदेवीच्या अंगणातली टोपलीभर माती घेऊन आले आणि माझ्या देखत आमच्या मिश्रणात मिसळली. मी हरकत घेतली नाही. टोपलीभर मातीने स्लॅबला काही होत नाही. काम संपल्यावर मी जिन्याच्या दाराशी मराठी, हिंदी आणि गुजरातीत पाटी लावली की मातीत खणू नये, काही ठोकू नये. पाटीवर लोक पायपुसणी वाळत घालायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मी सहज म्हणून बाईंकडे गेलो. वर बघितलं. छत कोरडं. बाईंनी मला भिंतीला हात लावायला सांगितला. भिंत गार नव्हती, पण भाजतही नव्हती. बाई म्हणाल्या, आता त्यांना दुपारची झोप लागते. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला भाऊ आता साथ द्यायला लागले होते. शब्द परत यायला लागले होते, एका वेळी दोन, फार तर तीन. झाडांनी माणूस बरा केला असं मी म्हणणार नाही. झोप लागली, अंगात बळ आलं, डॉक्टर होते, बाई होत्या. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मला माझ्या कामाचा जितका आनंद झाला तितका आधी कधी झाला नव्हता. आणि त्या पावसाळ्यात भरतीला मीटररूम कोरडी राहिली. शहाभाई हे स्वतःहून बोलले नाहीत. फक्त मला एकदा खाली नेऊन कोरडी फरशी दाखवली आणि विषय बदलला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दामूतात्यांच्या नातीचं लग्न झालं. मी जेवायला गेलो होतो. वाजतगाजत हळद झाली, त्याचं मी आणखी काय सांगू, आगऱ्यांची हळद ऐकू येण्यासाठी आमंत्रण लागत नाही.

लग्नानंतरच्या पावसाळ्यात, पाऊस चांगला मुरल्यावर, मी नेहमीसारखा गच्चीची पाणी जायची तोंडं साफ करून घ्यायला गेलो. आधी बाईंकडे डोकावलो. वर बघितलं तर छताच्या एका तुकड्याला जाळीदार पडदा टाचलेला. बाई म्हणाल्या, डासांसाठी. भाऊंचा पलंग खिडकीशी असायचा, तो कपाटाला लावलेला. बाई म्हणाल्या, वारा लागतो. पलंग होता तिथे फरशीवर स्टीलचं पातेलं होतं. त्यावर बाई काहीच म्हणाल्या नाहीत.

मी स्टुलावर चढलो आणि पडद्याचं एक टोक काढलं. आत ताटाएवढा ओला डाग, मधून थेंब लोंबत होता. मी खाली उतरलो तर भाऊ माझ्याकडेच बघत होते. दिवसभर छताखाली पडून असणारा माणूस, त्यांनी तो डाग सगळ्यांच्या आधी पाहिला असणार. ते सावकाश म्हणाले, “सांगू नका.”

बाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्यांनी कितीतरी दिवस हे लपवलं होतं. कामवाल्या बाईलाही त्या खोलीत जाऊ देत नव्हत्या. शहाभाईंना कळलं तर अटीप्रमाणे माती खाली आणि पत्रा वर, आणि पत्रा आला तर पुढचा उन्हाळा भाऊंना या घरात काढता येणार नाही. त्या म्हणाल्या, “म्हात्रे, मी त्यांना पुण्याला नेईन हो. सगळं होईल तिथे. पण इथून गेले की ते परत बोलायचे नाहीत, मला माहितीये.”

मी वर गेलो. डागापासून उताराच्या वरच्या अंगाला चालत गेलो आणि थांबलो. गवताच्या मधोमध कमरेएवढं उंबराचं झाड उभं होतं. वर तांबूस कोवळी पालवी. शेजारी दामूतात्या तांब्याने त्याला पाणी घालत होते, पावसाळ्यात. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

“नातीची मेढ हाय,” ते म्हणाले. “बघ कशी फुटली.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लग्नाचा मांडव घालायच्या आधी मेढ रोवतात. उंबराची ओली फांदी. खड्ड्यात सुपारी, हळकुंड आणि नाणं ठेवायचं, फांदी उभी करायची, पूजा करायची. हल्ली जमीन कुठे आहे? लोक तेलाच्या डब्यात वाळू भरतात आणि त्यात मेढ उभी करतात. तात्यांच्या मुलांच्या लग्नात डबाच होता. तात्यांना ते आयुष्यभर लागून राहिलं होतं. ज्याच्या बापाच्या अंगणात मेढ रोवायला माणसं भांडायची, त्याने तेलाच्या डब्यापुढे हात जोडायचे. आणि मग त्यांच्याच शेतावर, सात मजले वर का होईना, माती आली. नातीच्या लग्नात त्यांनी पहार घेतली आणि मेढ मातीत रोवली. लग्नानंतर मेढ काढून खाडीत सोडायची असते. पण तोवर तिला डोळे फुटायला लागले होते. फुटलेली मेढ कोण काढील?

मी विचारलं, तात्या, पाटी नाही का वाचली? ते म्हणाले, ती तुमच्या फ्लॅटवाल्यांसाठी. आमी शेतकरी हाव. मग त्यांनी मला कौतुकाने सगळं सांगितलं. वीतभर खणल्यावर पहारीला टणक लागलं. शेतात खाली मुरूम लागतोच, म्हणून त्यांनी आणखी दोन-चार घाव घातले, तेव्हा कुठे मेढ घट्ट बसली. पायाखाली माती लागली की माणूस सातव्या मजल्यावर आहे हे विसरतो. मी इतकी वर्षं गच्च्या केल्या, पाट्या लावल्या, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मी त्यांना तसंच खाली बसवलं आणि सांगितलं. तो मुरूम नव्हता, गच्चीचं वॉटरप्रूफिंग होतं. आणि पाणी कुठे जातंय तेही सांगितलं.

तात्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, “त्या भाऊच्या डोसक्यावर पानी परतंय, त्ये माज्यामुलं?”

मी म्हणालो, हो.

“आनि मी रोज वरशी पानी घालतंय.”

उंबर तोडायचा नसतो, हे मलाही माहीत. त्यात ही नातीची मेढ. पण ठेवलं तर मुळं कोब्यात शिरणार, मग एका खोलीचा प्रश्न राहत नाही. मी म्हणालो, तात्या, तोडायचं नाही, हलवू. गावदेवीच्या अंगणात जागा आहे. तिथली माती तशीही ह्याच्या मुळाशी आहेच, तुम्हीच घातली आहे. तात्यांनी मान हलवली, पण माझ्या माणसांना झाडाला हात लावू दिला नाही. स्वतः बसून बोटांनी माती सोडवली. मुळांना धक्का न लावता पूर्ण झाड बाहेर आलं आणि त्याखाली शीट फाटलेली दिसली. फाटलेल्या भागात हळकुंड, सुपारी आणि काळवंडलेलं नाणं. एक केसाएवढं मूळ आत शिरलं होतं. तात्यांनी नाणं धोतराला पुसून कनवटीला लावलं.

मी ठरवत होतो की गुपचूप दुरुस्ती करून टाकू. पण झाड घेऊन आम्ही लिफ्टमध्ये शिरलो आणि पाचव्या मजल्यावर शहाभाई आत आले. त्यांनी झाड बघितलं, आमचे चिखलाचे हात बघितले आणि विचारलं, क्या हुआ? मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, “शहाभाय, स्लॅब मैंने फोडा. म्हात्रे का कुछ नय. भाऊ के घर में पानी गिरता हाय.”

लिफ्ट खाली पोचली. झाड खाली ठेवून आम्ही तिघं सातव्या मजल्यावर गेलो. बाईंनी दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि न बोलता पडदा काढला. शहाभाई पातेल्याकडे बघत राहिले. म्हणाले, “बूंद तो गिरा है, बाई.” बाई म्हणाल्या, हो. त्यांनी कारण सांगितलं नाही, विनवणी केली नाही. शहाभाई भाऊंच्या पलंगाच्या कडेवर टेकले. एक हात त्यांनी नकळत भिंतीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. शेवटी मला म्हणाले, “रिपेर करो. फिर पानी भरके दिखाओ. गिरा, तो मिट्टी नीचे.”

याहून जास्त मी मागू शकलो नसतो.

दुरुस्ती झाल्यावर आमच्यात पाणी कोंडून बघायची रीत आहे. त्या भागाभोवती बांध घालायचा, पाणी भरायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. बांध आम्ही सिमेंटचा घालतो. तात्या म्हणाले, मातीचा घालू. उंबर गावदेवीला लावून झाला होता, पाऊसही उघडला होता. मी मुर्ध्याहून खाडीची काळी माती आणली. तात्यांनी धोतर खोचलं, मी पॅन्ट वर केली आणि आम्ही दोघं त्या चिखलात उतरलो. एक भाताचा बांध घालणाऱ्या घरचा, एक मिठागरातला. तुडवत राहिलो. थोड्या वेळाने माझ्या तळव्याला कळायला लागलं की इथे सैल आहे, इथे घट्ट आहे. कुणी शिकवलं नव्हतं. वडिलांची आठवण आली आणि मी तिथेच डोळे पुसले. तात्यांनी बघितलं. नुसते म्हणाले, “ह्या कडंला आजून तुडव.”

पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे भाऊंच्या खोलीत जमलो. पलंग परत खिडकीशी आणला होता, ऐन डागाखाली. तो भाऊंचा हट्ट. शहाभाई खुर्चीवर, तात्या जमिनीवर, बाई दारात, मी स्टुलावर. वर पाणी तुंबलेलं आणि खाली आम्ही सगळे माना वर करून. मी आयुष्यात पुष्कळ छतं बघितली, पण एका छताकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. मी डागावर हात फिरवला. कडेने तो वाळत चालला होता. पुन्हा फिरवला. तात्या काहीतरी पुटपुटत होते, बहुधा गावदेवीला.

अंधार पडायच्या सुमारास शहाभाई उठले. खुर्चीवर चढून छताला त्यांनी स्वतः बोट लावून बघितलं, बोट अंगठ्यावर चोळलं. “सूका है,” ते म्हणाले. “पत्रे का बाद में देखेंगे.” ते बाद में अजून आलेलं नाही. तात्याही गुडघ्यावर हात देऊन उठले. जाताना भाऊंच्या पायाला हात लावायला वाकले, तर भाऊंनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि वाकू दिलं नाही. पातेलं तिथेच होतं. बाईंनी ते उचललं, आत नेलं आणि थोड्या वेळाने त्यातच केलेला चहा घेऊन आल्या.

तो उंबर आता गावदेवीच्या अंगणात माझ्या डोक्याच्या वर गेलाय. नात बाळाला घेऊन येते तेव्हा तात्या तिला तिथे नेतात. सोसायटीने नियम केलाय की कुणाच्याही घरचं लग्न असलं तर मेढ डब्यातच रोवायची, मात्र डबा गच्चीवरच्या गवतात ठेवायचा. हे तात्यांनीच सुचवलं आणि मंजूर करून घेतलं. मला या धंद्याने घर दिलं, मुलांची शिक्षणं दिली, त्याबद्दल मी ऋणी आहेच. पण मिठागर गेल्यावर वडिलांच्या पायांना जे कळत होतं ते वाया गेलं असं मला वाटायचं. ते वाया गेलं नाही हे मला त्या गच्चीने दाखवलं, आणि त्यासाठी मी तात्यांच्या चुकीचासुद्धा ऋणी आहे.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावरही मी स्टुलावरच होतो. वरून काही येत नाहीये हे दिसत होतं, तरी नजर हटत नव्हती. सवय. बाईंनी कप हातात दिला तो मी तसाच धरून बसलो. खिडकीशी भाऊ उशीला टेकून बसले होते. ते माझ्याकडे बघत होते, कितीतरी वेळ, आणि ओठ जुळवत होते. बाई जवळ सरकल्या, काय हवंय ते बघायला. भाऊंनी त्यांना हाताने थांबवलं.

“म्हात्रे,” ते म्हणाले, “खाली बघा. चहा निवला.”